कागद कुणाच्या कपाटात आहे? अमेरिकेतल्या माहितीच्या कायद्याबद्दल वाचकांचे प्रश्न

*गेल्या अंकात आम्ही अमेरिकेच्या 'फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्ट'बद्दल प्रश्न मागवले होते. तिथे या कायद्याला सगळे 'फोया' म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.*

प्रश्न : मी साताऱ्यात माहितीच्या अधिकाराचं काम करतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलला की माहिती मिळणं सोपं किंवा अवघड होतं, असं वाचलं. कायदा तोच असेल तर असं कसं होतं?

कायद्याच्या कलमांना राष्ट्राध्यक्ष हात लावू शकत नाही, ते काम काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं. पण कलमांच्या बाहेर त्याच्या हातात बरंच काही उरतं.

सगळ्यात जुनी रीत म्हणजे अ‍ॅटर्नी जनरलचं, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाचं पत्रक. माहिती नाकारली म्हणून एखाद्या खात्यावर खटला झाला, तर कोर्टात त्या खात्याची बाजू न्याय खात्याचे वकील मांडतात. त्यामुळे 'अमुक प्रकारे नकार दिलात तर आम्ही तुमच्यासाठी उभे राहू, तमुक प्रकारे दिलात तर राहणार नाही' असं न्याय खात्याने लिहून कळवलं, की खालचा कारकूनसुद्धा त्याप्रमाणे वागतो. कार्टर यांच्या काळात १९७७ मध्ये ग्रिफिन बेल यांनी कळवलं, की माहिती उघड केल्याने खरोखर नुकसान होणार असेल तरच आम्ही नकाराचं समर्थन करू. रेगन आल्यावर १९८१ मध्ये ही अट गेली आणि नकाराला कायद्याचा भक्कम आधार असला की पुरे, असं ठरलं. १९९३ मध्ये क्लिंटन यांच्या अ‍ॅटर्नी जनरल जॅनेट रीनो यांनी नुकसानीची अट परत आणली. १२ ऑक्टोबर २००१ ला बुश यांच्या काळात जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी ती पुन्हा काढली. १९ मार्च २००९ ला ओबामांच्या काळात एरिक होल्डर यांनी ती पुन्हा आणली. तीस वर्षं हा झोका चालू होता.

तो थांबला ३० जून २०१६ ला. त्या दिवशी ओबामांनी सही केलेल्या दुरुस्तीने नुकसानीची अट थेट कायद्यात घातली. आता ही माहिती उघड झाली तर कोणतं नुकसान होईल, हे खात्याला पटवून द्यावं लागतं. नुसतं 'कायद्यातल्या अपवादात बसते' म्हणून हात वर करता येत नाहीत. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने एफबीआयविरुद्धच्या एका खटल्यात हे आणखी कडक केलं : सगळ्या कागदांना लागू पडेल असं मोघम वाक्य चालणार नाही, या कागदाने काय बिघडेल ते सांगा.

म्हणजे पत्रकाचं हत्यार बोथट झालं, पण बाकीची तशीच आहेत. गोपनीयतेचे नियम राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाने ठरतात. क्लिंटन यांनी १९९५ च्या आदेशाने पंचवीस वर्षं जुने गुप्त कागद आपोआप खुले होण्याची सोय केली. सध्याचा मूळ आदेश, क्रमांक १३५२६, ओबामांचा, डिसेंबर २००९ चा. माहिती कचेऱ्यांना माणसं आणि पैसा किती द्यायचा, हाही प्रशासनाच्या मर्जीचा भाग. आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे एखादा कागद 'खात्याचा' म्हणायचा की 'राष्ट्राध्यक्षांचा'. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

यात एका पक्षाकडे बोट दाखवून चालणार नाही. कॅलिफोर्नियाचे खासदार जॉन मॉस हे डेमोक्रॅट. १९५५ पासून ते या कायद्यासाठी झगडले. त्यांच्याच पक्षाच्या लिंडन जॉन्सन यांनी ४ जुलै १९६६ ला सही केली, पण एरवी कायद्यांवर सह्या करताना होणारा समारंभ त्यांनी केला नाही. वॉटरगेटनंतर कायदा कडक करायचं ठरलं, तेव्हा रिपब्लिकन जेराल्ड फोर्ड यांनी ऑक्टोबर १९७४ मध्ये नकाराधिकार वापरला. नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने तो झुगारून दुरुस्ती मंजूर केली. आज जो फोया कामाला येतो, तो मुख्यतः या झुगारण्यातून आलेला आहे.

प्रश्न : पुण्यात १९७१ च्या युद्धावर पीएच.डी. करते आहे. निक्सन प्रशासनाचे कागद मला, भारतीय नागरिकाला, मागता येतील का? सुरुवात कुठून करू?

हो, मागता येतील. आपला २००५ चा कायदा फक्त नागरिकांना हक्क देतो. फोया 'कोणत्याही व्यक्तीला' देतो, कारण विचारत नाही, पासपोर्टही पाहत नाही. पण तुमच्या विषयासाठी फोया हा पहिला दरवाजा नाही, आणि इथेच पुष्कळ विद्यार्थ्यांचं वर्ष वाया जातं.

आधी जे खुलं आहे ते संपवा. परराष्ट्र खात्याचं इतिहास कार्यालय 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही मालिका काढतं. तिच्या १९६९ ते १९७६ या संचातला अकरावा खंड पूर्णपणे १९७१ च्या दक्षिण आशियाई संकटावर आहे. तो २००५ मध्ये निघाला आणि संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. ढाक्याचे कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांच्या कचेरीतून ६ एप्रिल १९७१ ला गेलेली निषेधाची तार त्यातच आहे. ई-७ या इलेक्ट्रॉनिक खंडात आणखी कागद आहेत. प्रत्येक कागदाखालची तळटीप वाचा, कारण मूळ कागद कोणत्या पेटीत आहे ते तिथे लिहिलेलं असतं. 'पोल २७ इंडिया-पाक' अशी खूण दिसली, तर तो परराष्ट्र खात्याच्या मध्यवर्ती दप्तरातला कागद. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात याच खुणेने पेट्या मागवतात. निक्सन यांच्या कार्यालयातल्या ध्वनिफितीही आहेत : एकूण सुमारे ३,७०० तास, त्यांतले सुमारे ३,००० तास खुले.

आणीबाणीवरही काम करायचं असेल तर १९७३ ते १९७९ च्या राजनैतिक तारा अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मुंबईच्या वकिलातीच्या तारा 'बॉम्बे' या नावाखाली आहेत, 'मुंबई' टाकून काही सापडणार नाही.

जे बंद आहे त्यासाठी पुढची पायरी. निक्सन यांचे व्हाइट हाउसचे कागद १९७४ च्या स्वतंत्र कायद्याने सरकारजमा झाले. ते कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडाच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांना फोया लागूच होत नाही. तिथे 'मँडेटरी डिक्लासिफिकेशन रिव्ह्यू' म्हणजे गोपनीयतेच्या फेरतपासणीचा अर्ज करावा लागतो. फाइल उघडली की सुरुवातीला एक पत्रक लावलेलं सापडतं. त्यावर काढून घेतलेल्या प्रत्येक कागदाचा प्रकार, तारीख, कुणाकडून कुणाला, किती पानं आणि का काढला, हे लिहिलेलं असतं. या पत्रकाचा फोटो काढा आणि त्यातलीच माहिती जशीच्या तशी अर्जात उतरवा, पेटीचं आणि फाइलचं नाव जोडून. 'युद्धाबद्दलचे सर्व गुप्त कागद' असं लिहिलंत तर अर्ज परत येईल, कारण फेरतपासणीला नेमका कागद दाखवावा लागतो.

खात्याला यावर वर्षभरात निर्णय द्यायचा असतो. नकार आला तर आधी खात्याकडे अपील आणि मग अनेक खात्यांच्या प्रतिनिधींच्या एका मंडळाकडे. तिथे खात्याचा निर्णय फिरू शकतो. पण तोच कागद गेल्या दोन वर्षांत तपासला गेला असेल तर खातं पुन्हा तपासायला बांधील नाही. म्हणून आधी कुणी मागितला होता का, ते ग्रंथालयाला ई-मेलने विचारून घ्या.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी. माझ्या ग्रीन कार्डच्या फाइलमध्ये काय आहे ते पाहायचं आहे. वकील भरपूर पैसे मागतो. स्वतः करता येईल का?

येईल. इमिग्रेशन खातं, म्हणजे यूएससीआयएस, प्रत्येकाची एक 'ए-फाइल' ठेवतं. तुमच्या कार्डावर 'ए' अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे, तोच तिचा क्रमांक. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज करायचा, आणि कागद त्याच खात्यात मिळतात.

पहिला निर्णय : पूर्ण फाइल मागायची की ठरावीक कागद? ठरावीक कागदांची रांग वेगळी असते आणि ती लवकर सरकते. '२०१४ साली भरलेला आय-४८५ अर्ज आणि त्यासोबतची मंजुरीची नोटीस' एवढंच हवं असेल तर एवढंच लिहा. इमिग्रेशन कोर्टात तारीख लागली असेल तर तिसरी रांग आहे. त्यासाठी कोर्टाची नोटीस जोडावी लागते.

दुसरी गोष्ट नावाची, आणि मराठी माणसाच्या अर्जात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एका कागदावर मधलं नाव वडिलांचं, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर मधलं नावच नाही. लग्नाआधीच्या व्हिसावर माहेरचं आडनाव. एका ठिकाणी आडनावाचं स्पेलिंग वेगळं. शोधणारा कारकून दिलेल्या नावानेच शोधतो. म्हणून पासपोर्टवर आजवर आलेली सगळी नावं, सगळी स्पेलिंगं, जन्मतारीख आणि जुने पासपोर्ट क्रमांक द्या. पती-पत्नीची फाइल हवी असेल तर त्यांची सही असलेली संमती लागते.

तिसरी गोष्ट : एका खात्याकडे सगळं नसतं. विमानतळावरच्या नोंदी सीमा-शुल्क खात्याकडे, अटकेच्या नोंदी आयसीई या इमिग्रेशन अंमलबजावणीच्या खात्याकडे, सुनावणीचे कागद इमिग्रेशन कोर्टाकडे. व्हिसाच्या नोंदी परराष्ट्र खात्याकडे, आणि त्या इमिग्रेशन कायद्याच्या कलमानेच गोपनीय आहेत. मुंबईच्या वकिलातीत व्हिसा का नाकारला हे या वाटेने कळणार नाही. तुम्ही स्वतः दिलेले कागद आणि तुमच्याशी झालेला पत्रव्यवहार तेवढा मिळू शकतो.

मुदत वीस कामकाजाच्या दिवसांची, आणि खास अडचण असेल तर दहा दिवस वाढीव. प्रत्यक्षात ती अनेकदा मोडली जाते. ए-फाइलच्या दिरंगाईवर वकील आणि अर्जदारांनी एकत्र खटला लढवला, आणि डिसेंबर २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टाने खात्याला मुदत पाळण्याचा हुकूम दिला.

आणखी एक. १९७४ चा प्रायव्हसी अ‍ॅक्ट, ज्याखाली स्वतःच्या नोंदी दुरुस्तही करून घेता येतात, तो फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना लागू आहे. पूर्वी काही खाती व्हिसावरच्या लोकांनाही ती सवलत देत. ट्रम्प यांच्या २५ जानेवारी २०१७ च्या आदेशाने ती काढायला सांगितली, आणि बायडन यांनी २० जानेवारी २०२१ ला तो आदेश रद्द केला. आदेशावर उभी असलेली सवलत अशीच येते आणि जाते. तुमचे जे नातेवाईक एच-१बी वर आहेत त्यांनी अर्ज फोयाखालीच करावा, तो हक्क कायद्यातला आहे.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षांना कोण भेटलं, सल्लागारांनी काय लिहून दिलं, हे मागता येतं का? (नागपूर)

पदावर असताना नाही. राष्ट्राध्यक्षांचं जवळचं कार्यालय फोयाच्या कक्षेत येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये किसिंजर यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. राष्ट्रीय सुरक्षा परिषदही बाहेर आहे, हे १९९६ मध्ये अपील कोर्टाने ठरवलं. मात्र अर्थसंकल्प कार्यालय किंवा व्यापार प्रतिनिधींचं कार्यालय त्याच छत्राखाली असूनही कक्षेत येतं. त्यामुळे व्हाइट हाउसला गेलेलं टिपण हवं असेल, तर ते जिथून गेलं त्या खात्याकडे मागा. त्यांच्याकडे स्थळप्रत असते.

पद सोडल्यावर १९७८ चा प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट लागू होतो. तो रेगन यांच्यापासून पुढच्या सगळ्यांसाठी आहे. पाच वर्षांनी फोयाचे अर्ज घेतले जातात. ओबामांचे कागद २० जानेवारी २०२२ पासून मागता येतात, बायडन यांच्यासाठी हीच तारीख २०३० ची. सल्लागारांच्या खासगी सल्ल्यासह सहा प्रकार मात्र बारा वर्षांपर्यंत बंद ठेवता येतात. कागद खुला करण्याआधी माजी आणि आजी, दोन्ही राष्ट्राध्यक्षांना साठ कामकाजाच्या दिवसांची सूचना जाते.

ही मुदत एका सहीने कशी लांबते, याचं उदाहरण आहे. रेगन यांची बारा वर्षं जानेवारी २००१ मध्ये संपली. सुमारे ६८,००० पानं खुली व्हायची होती. नोव्हेंबरमध्ये बुश यांनी आदेश १३२३३ काढला आणि माजी राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, इतकंच काय त्यांच्या वारसांनाही कागद अडवायची सोय दिली. रेगन यांचे उपराष्ट्राध्यक्ष हे बुश यांचे वडील होते. ओबामांनी २१ जानेवारी २००९ ला, पदावरच्या पहिल्या पूर्ण दिवशी, तो रद्द केला.

भेटायला येणाऱ्यांची नोंदवही तर पूर्ण मर्जीवर आहे. ओबामांनी २००९ मध्ये ती प्रसिद्ध करायला सुरुवात केली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये थांबवली, बायडन यांनी २०२१ मध्ये पुन्हा सुरू केली. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात येणाऱ्यांच्या नोंदी फोयाखाली मिळत नाहीत, असं २०१३ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं होतं, त्यामुळे इथे कोर्टाचाही आधार नाही.

आणि कागद जपला गेला तरच तो मागता येतो. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत फाडलेले कागद कर्मचाऱ्यांनी चिकटपट्टीने जोडून अभिलेखागाराकडे दिले, हे अभिलेखागाराने २०२२ मध्ये स्वतः सांगितलं. फाडलेला कागद निदान जोडता तरी येतो. आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेसेजचं काय करायचं, हा आजचा खरा काळजीचा प्रश्न आहे. कायदा सांगतो की खासगी खात्यावरून सरकारी काम केलं तर त्याची प्रत वीस दिवसांत सरकारी खात्यावर आली पाहिजे. अर्ज करताना 'मोबाइलवरचे मेसेज आणि चॅट अ‍ॅपसह' हे शब्द आवर्जून घाला. नाहीतर शोध फक्त ई-मेलमध्ये होतो.

प्रश्न : अशी नोंद आहे किंवा नाही हे 'मान्यही करत नाही, नाकारतही नाही' असं उत्तर आलं. म्हणजे काय?

याला 'ग्लोमार' उत्तर म्हणतात. बुडालेली सोव्हिएत पाणबुडी वर काढण्यासाठी सीआयएने 'ग्लोमार एक्स्प्लोरर' हे जहाज वापरलं. त्याबद्दल एका पत्रकार महिलेने विचारल्यावर हे उत्तर पहिल्यांदा आलं, आणि १९७६ मध्ये कोर्टात गाजलं. यावर अपील होतं. नोंद असल्याचं त्याच खात्याने आधी अधिकृतपणे सांगितलेलं असेल, तर त्याचा पुरावा अपिलाला जोडा. हा मुद्दा इथे टिकू शकतो.

प्रश्न : मुलाच्या शाळेच्या खर्चाचे कागद हवेत. फोया चालेल? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नाही. फोया फक्त केंद्रीय खात्यांना लागू आहे. काँग्रेस, कोर्टं, राज्यं, शहरं, शाळा सगळी बाहेर. तुमच्यासाठी कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट आहे. त्यात कागद देणार की नाही हे दहा दिवसांत कळवावं लागतं. न्यू जर्सीत असाच 'ओप्रा' नावाचा कायदा आहे, मुदत सात कामकाजाच्या दिवसांची. व्हर्जिनियासारख्या काही राज्यांत फक्त तिथल्या रहिवाशांना हक्क आहे, आणि सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ते वैध ठरवलं.

प्रश्न : अर्ज कसा लिहावा? दोनदा 'अर्ज मोघम आहे' म्हणून परत आला. (ठाणे)

तुम्ही पाठवलेल्या अर्जात 'एच-१बी धोरणाबद्दलचे सर्व ई-मेल द्यावेत आणि नकाराचं प्रमाण का वाढलं ते सांगावं' असं आहे. यात दोन चुका आहेत. 'का' या प्रश्नाचं उत्तर फोया देत नाही. तो अस्तित्वात असलेले कागद देतो, नवा कागद तयार करायलाही खातं बांधील नाही. आणि 'सर्व ई-मेल' म्हटलं की शोध कुठे सुरू करायचा तेच कळत नाही.

त्याऐवजी चार गोष्टी ठरवा : कुणाची मेलपेटी (नाव किंवा पद), कुणाशी झालेला पत्रव्यवहार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोणते शब्द. 'अमुक विभागाच्या संचालकांचे १ मार्च ते ३१ मे २०२४ या काळातले ई-मेल, ज्यांत हे दोन शब्दप्रयोग एकत्र येतात' हा अर्ज परत येत नाही.

फीबद्दल : तुम्ही धंद्यासाठी मागत नसाल तर पहिले दोन तास शोध आणि पहिली शंभर पानं फुकट. पत्रकार आणि शिक्षणसंस्थांना शोधाची फी नाही. 'खर्च २५ डॉलरच्या वर जाणार असेल तर आधी कळवा' हे वाक्य घाला. आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवा.

प्रश्न : नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर? आपल्यासारखा माहिती आयोग तिथे आहे का?

नाही, आणि ही तिथली मोठी उणीव आहे. आपल्याकडे आयुक्त अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतात. तिथे असा दंड नाही. अभिलेखागारात 'ओजीआयएस' नावाचं कार्यालय २००७ च्या दुरुस्तीने आलं. ते मध्यस्थी करतं, हुकूम देऊ शकत नाही.

अपिलाला निदान ९० दिवस मिळतात. वकील लागत नाही. त्यात तीन मुद्दे वेगवेगळे मांडा : शोध कुठे अपुरा राहिला, कोणत्या अपवादासाठी नुकसान दाखवलेलंच नाही, आणि कागदाचा जो भाग देता येण्यासारखा होता तो वेगळा करून का दिला नाही. पाचव्या अपवादाचा, म्हणजे खात्यांतर्गत चर्चेचा, शिक्का असेल तर कागदाची तारीख बघा. पंचवीस वर्षांहून जुन्या कागदाला चर्चा गुप्त ठेवायची सबब चालत नाही.

अपीलही फेटाळलं तर फेडरल जिल्हा कोर्ट. दाखल करायची फी ४०५ डॉलर. मुदत उलटूनही उत्तरच नसेल तर अपिलाशिवाय थेट जाता येतं. तिथे खात्याला रोखलेल्या प्रत्येक कागदाचा हिशेब द्यावा लागतो. १९७३ च्या एका खटल्यावरून या हिशेबाला 'वॉन यादी' म्हणतात. जिंकलात तर वकिलाचा खर्च मिळू शकतो.

प्रश्न : २०२५ पासून सरकारी संकेतस्थळांवरची पानं गायब होत आहेत. नवे अर्ज करण्यात अर्थ आहे का? (सिअ‍ॅटल)

आहे. एका बाजूला त्या वर्षी केनेडी हत्येचे कागद १८ मार्चला एकदम खुले झाले, इतक्या घाईत की काही जिवंत माणसांचे सोशल सिक्युरिटी क्रमांकही त्यात उघड झाले. दुसऱ्या बाजूला फेब्रुवारीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रमुख कोलीन शोगन यांना पदावरून काढलं गेलं, आणि सरकारी खर्च कापण्यासाठी ट्रम्प यांनी उभ्या केलेल्या 'डोज' या यंत्रणेचे कागद राष्ट्राध्यक्षांचे म्हणून फोयाबाहेर आहेत अशी भूमिका सरकारने घेतली. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या एका न्यायाधीशांनी डोज बहुधा फोयाच्या कक्षेत येतं असं म्हटलं, आणि वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. नुसते निवडक कागद वरून खुले होणं आणि मागितलेला कागद मिळणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गायब पानं आधी शोधा. मागच्या प्रशासनांची व्हाइट हाउसची संकेतस्थळं अभिलेखागाराने गोठवून ठेवली आहेत, आणि २००८ पासून प्रत्येक कारकिर्दीच्या शेवटी सरकारी संकेतस्थळांची प्रत घेण्याचा 'एंड ऑफ टर्म' उपक्रम चालतो. तिथे नसेल तर त्या पानाचा जुना पत्ता आणि तारीख देऊन खात्याकडे मागा.

अर्ज तुंबले असले की खाती 'तुम्हाला अजून हा कागद हवा आहे का?' असा ई-मेल पाठवतात, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर नाही आलं तर अर्ज बंद करतात. हा ई-मेल बहुतेक वेळा स्पॅममध्ये पडतो. आठवड्यातून एकदा तिथे बघा, आणि 'होय, हवा आहे' एवढं एका ओळीत, अर्जाच्या क्रमांकासह, त्याच दिवशी कळवा.